स्टेंट उघडा आहे, मग ठोके का बिघडले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातल्या एका ताईंच्या वडिलांना अडीच वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला, पंपिंग ३५-४० टक्क्यांवर स्थिरावलं. गेल्या महिन्यात सकाळी पूजेला बसले असताना त्यांना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात नेलं तेव्हा नाडी १८० होती. शॉक देऊन ती जागेवर आणावी लागली. अँजिओग्राफी पुन्हा केली तर स्टेंट स्वच्छ उघडा. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या ठीक आहेत, हृदयाच्या पेशींचे सांधे बिघडलेत. आयसीडी बसवू, लागलं तर अ‍ॅब्लेशन करू." आयसीडी म्हणजे छातीत बसवायचं, बिघडलेले ठोके तोडणारं यंत्र; अ‍ॅब्लेशन म्हणजे हृदयातली बिघडलेली जागा तारेने आतून भाजणं. ताईंना कळत नाही की पेशींच्या सांध्यांचा ठोक्यांशी संबंध काय, ते सांधे पुन्हा जोडणारं औषध का देत नाहीत, भाऊजी म्हणतात त्या मॅग्नेशियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का, आणि घरातल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला यंदा गरबा खेळू द्यावा की नाही.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते खरं आहे. फक्त "सांधे बिघडलेत" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुटलेली वायर येते, आणि मग साहजिकच वाटतं, तुटलंय ते जोडा की! पण त्या जागेतले सगळे सांधे तुटले असते तर ती जागा गप्प पडून राहिली असती आणि बाबा पूजा आटोपून चहाला बसले असते. त्यांना छळतायत ते अर्धवट शिल्लक राहिलेले सांधे. माझी बावीस वर्षं या अर्धवट सांध्यांच्या मागे गेली आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

मेडिकलच्या पहिल्या वर्षी हृदयाच्या स्नायूची स्लाइड दाखवतात. गुलाबी धागे, एकमेकांना फाटे फुटून मिळालेले, आणि त्यांच्यावर मधूनमधून आडव्या गडद रेघा, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या वरखाली सरकलेल्या. मला त्या रेघा काप नीट न घेतल्याच्या खुणा वाटल्या होत्या. जर्नलमध्ये मी त्या काढल्याच नाहीत. जर्नल परत आलं तेव्हा माझ्या सुबक चित्राखाली लाल पेनने दोनच शब्द होते : "हृदय कुठाय?"

त्या रेघेवर एक पेशी संपते आणि दुसरी सुरू होते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळ शास्त्रज्ञांची समजूत होती की हृदय म्हणजे मध्ये भिंती नसलेला एकच सलग स्नायू. एरवी ते एका दमात कसं आकसेल? १९५४ साली स्वीडनच्या शोस्ट्रांड आणि अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं की प्रत्येक पेशीला स्वतःची पुरी भिंत आहे. म्हणजे मग वीज भिंतीपलीकडे जाते कशी, हा प्रश्न उरला. त्याचं उत्तर त्याच गडद रेघेत होतं.

त्या रेघेत दोन वेगवेगळ्या जातीचे सांधे शेजारीशेजारी असतात. एकाचं काम निव्वळ धरून ठेवण्याचं. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकसतं, तेव्हा पेशी एकमेकींपासून उसवू नयेत म्हणून हे आकडे. त्यांना डेस्मोसोम म्हणतात. मुलाच्या गरब्याकडे वळू तेव्हा ते पुन्हा लागतील. दुसरा सांधा म्हणजे गॅप जंक्शन, दोन पेशींमधलं दार. कनेक्सिन नावाच्या प्रथिनाचे सहा तुकडे गोल उभे राहून या भिंतीत अर्धी नळी करतात, समोरची पेशी तिच्या भिंतीत तशीच अर्धी नळी करते, आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून एक आरपार नळी होते. अशा शेकडो नळ्यांचा एक पुंजका. त्यातून सोडियम, पोटॅशियमचे भारित कण थेट या पेशीतून त्या पेशीत जातात. वीज जाते म्हणजे हेच होतं, वायर वगैरे काही नसते.

एक पेशी साधारण एक दशांश मिलिमीटर लांब. निरोगी जवनिकेत, म्हणजे खालच्या कप्प्यात, एकेक पेशी सुमारे अकरा शेजारणींना जोडलेली असते. दारं मुख्यतः टोकांकडे, बाजूंना कमी. म्हणून लाट स्नायूच्या धाग्याच्या दिशेने सेकंदाला अर्धा मीटरच्या आसपास पळते आणि आडवी जाताना तिचा वेग जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. हा फरक निरोगी हृदयालाही आहे. तो लक्षात ठेवा, कारण पुढे सगळा घोटाळा याच फरकातून होतो.

अकरा शेजारणी म्हटल्यावर ओघानेच आलं की एखाददुसरं दार बंद झाल्याने काही बिघडत नाही. मांडवीकडच्या जुन्या पोळींमध्ये, म्हणजे दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये, एक ओटा अडला तर माणूस मागच्या परसातून जातो, तसं. उंदरांवरच्या काही प्रयोगांत कनेक्सिन निम्म्यावर आणलं तरी लाटेचा वेग फारसा पडला नाही. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयाच्या पेशींमधलं मुख्य कनेक्सिन, त्याचं नाव कनेक्सिन ४३, जनुक काढून नाहीसंच केलं. ते उंदीर जन्मले, वाढले, त्यांची हृदयं दिसायला व्यवस्थित होती, आकसतही नीट होती. दोन महिन्यांच्या आत ते सगळे अचानक मेले, ठोके बिघडून. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कारण इको उत्तम असलेल्या माणसाचे ठोके कसे बिघडू शकतात याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आणखी एक गोष्ट मला अजूनही थक्क करते. ही दारं कायमची बसवलेली नसतात. कनेक्सिनचं आयुष्य काही तासांचं असतं. प्रयोगशाळेतल्या मोजमापांवरून पाहिलं तर सकाळी सेव-उसळ खाताना दारांत जो माल होता त्यातला निम्मा दुपारच्या जेवणापर्यंत बदललेला असतो. पेशी सतत नवी दारं घडवून योग्य जागी नेऊन बसवत असते. तो माल पोचवण्याची यंत्रणा बिघडली की दारं भलत्या जागी बसतात. अटॅकनंतर वाचलेल्या पेशींत हेच दिसतं : टोकांकडची दारं कमी, बाजूंच्या भिंतींवर विखुरलेली जास्त, आणि त्यातली बरीचशी नीट न उघडणारी.

आता थोडं आडवळण, पण ते घेतल्याशिवाय "सैल सांधा वाईट" हा समज जाणार नाही. हृदयात काही ठिकाणी सांधे मुद्दामच सैल ठेवलेले आहेत. ठोका जिथून निघतो ती सायनस गाठ घ्या. तिच्या पेशी मूठभर, आणि भोवती अलिंदाचा, म्हणजे वरच्या कप्प्याचा, एवढा मोठा स्नायू. तो विश्रांतीत असतो तेव्हा त्याचा विद्युतदाब गाठीच्या पेशींपेक्षा बराच खाली असतो. गाठ त्याला घट्ट जोडलेली असती तर त्याने तिची वीज शोषून घेतली असती आणि तिला स्वतःचा ठोका पेटवताच आला नसता. थंड गच्चीवर निखारे पसरून टाकले तर विझतात, शेगडीत ओंजळभर एकत्र ठेवले तर धुमसत राहतात. म्हणून गाठीत दारं कमी आणि वेगळ्या कनेक्सिनची, कमी वीज सोडणारी, आणि बाहेर पडायला मोजक्याच वाटा. अलिंद आणि जवनिका यांच्यामधल्या एव्ही गाठीतही तसंच : तिथे लाट सेकंदाला जेमतेम काही सेंटीमीटर सरकते. या रेंगाळण्याने सुमारे एक दशांश सेकंद मिळतो आणि तेवढ्यात वरचे कप्पे खालच्यांत रक्त भरून घेतात.

थोडक्यात, हृदयाला जागोजागी वेगवेगळ्या ढिलाईचे सांधे लागतात. सैल जागा ठरलेली असेल तर ती यंत्रणेचा भाग. ठरलेली नसेल तर तुमच्या बाबांसारखी गत.

अटॅकच्या दिवशी काय झालं ते बघू. रक्तवाहिनी बंद झाली, त्या भागाला प्राणवायू मिळेना. पहिल्या काही मिनिटांत पेशींतून पोटॅशियम बाहेर गळतं, आतली आम्लता वाढते, इंधन संपत जातं. साधारण पंधरावीस मिनिटांनी आत कॅल्शियम साचतं, आणि आम्लता व कॅल्शियम दोन्ही मिळून गॅप जंक्शनची दारं बंद करतात. हे बंद होणं एका अर्थी शहाणपणाचं आहे. मरणारी पेशी दार उघडं ठेवून मेली तर तिच्यातलं विष शेजारणीत जाईल. एकोणिसाव्या शतकातच एंगेलमान या जर्मन शरीरशास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं होतं, दारांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी : जखमी हृदयात पेशी जगताना एकत्र असतात, मरताना एकेकट्या मरतात. अटॅकच्या पहिल्या तासात जे लोक घरीच किंवा रिक्षात दगावतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे ठोके याच दारं-बंदच्या गोंधळात विस्कटलेले असतात. म्हणून छातीत दुखू लागलं की "सकाळी बघू" म्हणू नका, १०८ लावा, हे मी घसा बसेपर्यंत सांगते.

बाबा त्यातून वाचले. स्टेंटने रक्त पुन्हा सुरू झालं. पण तोवर काही स्नायू मेला होता, आणि मेलेल्या स्नायूच्या जागी पुढच्या आठवड्यांत पांढरा, चिवट वण तयार झाला. वणाच्या मध्यभागी स्नायू नाही, वीज नाही, काही नाही. प्रश्न कडेचा. वणाची कड कात्रीने कापल्यासारखी नसते, जुन्या गोधडीच्या काठासारखी विरलेली असते. जिवंत पेशींचे धागे वणात शिरतात, काही आतच संपतात, काही वाकड्यातिकड्या वाटेने पलीकडे निघतात. या धाग्यांमधल्या पेशींचे शेजारी निम्म्याच्या आसपास उरलेले असतात, दारं भलत्या बाजूंना, आणि दोन धाग्यांच्या मध्ये वणाच्या तंतूंची भिंत. लाट इथे शिरते तेव्हा सरळ जाऊ शकत नाही, नागमोडी जाते, कधी दोन पावलं आडवी जाऊन पुन्हा पुढे. शेवटी पलीकडे पोचते, पण उशिरा.

उशिरा पोचण्याने एवढं काय होतं?

रावपुऱ्यातली विसर्जनाची मिरवणूक डोळ्यांपुढे आणा. मोठ्या रस्त्याने मंडळं एकामागून एक पुढे गेली. ती गेल्यावर रस्ता झाडून मोकळा होईपर्यंत पोलीस दुसऱ्या कुणाला सोडत नाहीत. हृदयाच्या पेशीचंही असंच : एकदा पेटली की साधारण पाव सेकंद ती दुसरी लाट घेत नाही. आता समजा, एक छोटं मंडळ मिरवणुकीपासून फुटून एका बोळात शिरलं. बोळ अरुंद, लेझीम चालू, वर वायरी लोंबतायत. बोळ रुंद असता तर ते सगळ्यांबरोबरच बाहेर पडून गर्दीत विरलं असतं. बोळ पुरता बंद असता तर तिथेच आरती करून थांबलं असतं. पण बोळ अडून-अडून चालू आहे, म्हणून मंडळ इतक्या उशिरा मोठ्या रस्त्यावर येतं की तोवर रस्ता मोकळा झालेला. कोणी अडवत नाही. ते पुन्हा मोठ्या रस्त्याने फिरून पुन्हा त्याच बोळात शिरतं, पुन्हा बाहेर येतं, पुन्हा फिरतं. सगळं हृदय आता त्या एका मंडळाच्या तालावर नाचतं आणि सायनस गाठीला कुणी विचारत नाही. यालाच व्हीटी म्हणतात. बाबांची नाडी १८० होती, म्हणजे त्या मंडळाची एक फेरी एक तृतीयांश सेकंदात पुरी होत होती.

आकड्यांत सांगायचं तर हिशेब सोपा आहे. लाटेचा वेग गुणिले पेशीचा विश्रांतीचा काळ. सेकंदाला ५० सेंटीमीटर गुणिले पाव सेकंद, म्हणजे साडेबारा सेंटीमीटर. वर्तुळात फिरत राहायचं तर निरोगी हृदयात लाटेला निदान एवढ्या लांबीची, अडथळ्याभोवती फिरणारी मोकळी वाट हवी, आणि सलग स्नायूत अशी वाट सहसा नसते; लाटा सगळीकडून येऊन एकमेकींवर आपटून विझतात. आता बिघडलेल्या सांध्यांमुळे वेग ५ सेंटीमीटरवर आला असं धरा. लांबी सव्वा सेंटीमीटर. त्याचं वर्तुळ केलं तर भिजलेल्या साबुदाण्याएवढं. प्रत्यक्षातली वर्तुळं याहून बरीच मोठी असतात, कारण वाटेचा एखादाच भाग इतका संथ असतो. पण हृदयात या फेऱ्यांना जागा कुठून मिळते, ते या साबुदाण्यावरून कळतं.

गंमत म्हणजे हे आधी हृदयात नव्हे, जेलीफिशमध्ये दिसलं. १९०६ साली मेयर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने जेलीफिशचा गोल कडा कापून वेगळा केला, त्यात एकाच दिशेने लाट सोडली, आणि ती लाट फिरतच राहिली. सात-आठ वर्षांनी जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हृदयाच्या कड्यांत तेच करून दाखवलं आणि एक कसोटी सांगून ठेवली : लाट खरंच वर्तुळात फिरते आहे का हे बघायचं असेल तर वर्तुळ कुठेतरी एका जागी कापा. थांबली तर वर्तुळ होतं. १९१४ मध्ये, अवघ्या २८व्या वर्षी, तो त्याच्या प्रयोगशाळेत बेशुद्ध सापडला आणि त्याच रात्री वारला. आम्ही आज अ‍ॅब्लेशन म्हणतो ती त्याचीच कसोटी, फक्त जिवंत माणसाच्या धडधडणाऱ्या हृदयात, जांघेतून आत नेलेल्या तारेने.

तुम्हाला संमतीपत्रावर सही करायची आहे, म्हणून ते कसं दिसतं ते सांगते. ईपी लॅबमध्ये, म्हणजे हृदयातली वीज तपासण्याच्या खोलीत, कॅथेटरचं, म्हणजे त्या तारेचं, टोक हृदयाच्या आतल्या भिंतीवर ठिकठिकाणी टेकवत आम्ही नकाशा काढतो. जिथे टोक टेकतं तिथली वीज मोजली जाते. दीड मिलिव्होल्टच्या वर असेल तर स्नायू ठीक, पडद्यावर जांभळा रंग. अर्ध्याच्या खाली असेल तर वण, लाल. मधल्या पट्ट्यात पिवळा, हिरवा, निळा. नवखं माणूस लाल भागाकडे बघत बसतं. मीही तेच केलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एका रुग्णाच्या वणाच्या ऐन मध्यावर मी दोन तास भाजत बसले, व्हीटी काही जाईना. शेवटी आमचे सर काचेच्या पलीकडून म्हणाले, "अगं, मेलेल्याला काय मारतेस? काठावर जा."

काठावर गेलं की आवाज बदलतो. आमच्यातले काही जण कानानेच ओळखतात. निरोगी जागी पडद्यावर एक टोकदार, उंच रेघ उमटते, ठोक्याला एक. काठावर त्या रेघेनंतर, सगळं हृदय पेटून विझायला लागल्यावर, एक बारीक करवतीच्या दातांसारखी थरथर उमटते. उंची नगण्य. कधीकधी पंख्याच्या विजेचा गोंगाट वाटावा इतकी. पण प्रत्येक ठोक्यामागे ती त्याच जागी, तेवढ्याच उशिराने येते. ती थरथर म्हणजे बोळातलं मंडळ. व्हीटी चालू असताना तीच थरथर दोन ठोक्यांच्या बरोब्बर मध्ये आली, तर आपण बोळाच्या मधोमध उभे आहोत हे कळतं. तिथे ३०-४० वॅटने भाजायला सुरुवात केली की नशीब चांगलं असेल तर काही सेकंदांत व्हीटी मंदावते, अडखळते आणि थांबते. पुढचा ठोका सायनस गाठीचा. बावीस वर्षांत हे किती वेळा पाहिलं असेन, तरी त्या क्षणी लॅबमधलं कुणी बोलत नाही.

म्हणजे ताई, आम्ही तिथे काहीच जोडत नाही. जे अर्धवट तुटलंय ते पुरतं तोडतो. बोळाला भिंत घालतो.

जोडणारं औषध का नाही, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो शास्त्रज्ञांनाही पडला. गॅप जंक्शन उघडी ठेवणारी छोटी प्रथिनं तयार झाली. रोटिगॅप्टाइड हे त्यांतलं गाजलेलं नाव, प्राण्यांत त्याचे परिणाम आशा वाटावी असे होते. त्याच जातीचं डॅनेगॅप्टाइड अटॅकच्या रुग्णांना देऊन पाहिलं, अटॅकमधलं नुकसान कमी होतं का हे बघायला. २०१८ साली निकाल आला : फायदा नाही. मला स्वतःला वाटतं की वणाच्या कडेला दारं उघडणं हा अर्धाच इलाज आहे, कारण तिथे धाग्यांच्या मध्ये तंतूंच्या भिंती उभ्या असतात. भिंतीला दार कुठून बसवणार? हे माझं मत झालं, उद्या कुणी खोटं ठरवलं तर मला आनंदच आहे.

लाट आणखी संथ करणारी औषधं मात्र आहेत, आणि त्यांनी एकदा मोठा धडा दिला. अटॅकनंतर ज्यांच्या ईसीजीत अधलेमधले ज्यादा ठोके दिसायचे त्यांना सोडियमचे मार्ग रोखणारी फ्लेकेनाइड, एन्केनाइड ही औषधं देण्याचा विचार होता. ज्यादा ठोके खरोखर नाहीसे व्हायचे, कागद देखणा दिसायचा. १९८९ साली अमेरिकेतली कास्ट ही चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू नुसत्या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाले. वर साबुदाण्याचा हिशेब केला तो आठवा : आधीच रेंगाळणाऱ्या बोळात वेग आणखी कमी केला की फेरी मारायला आणखी छोटी जागा पुरते. फ्लेकेनाइड वाईट औषध नव्हे, वण नसलेल्या हृदयात मी ते आजही देते. पण बाबांना कुणी "ठोक्यांची गोळी" म्हणून काही सुचवलं, तर ती तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका. बाबांना बहुधा बीटा ब्लॉकर चालू असेल, ते एक दिवसही चुकवायचं नाही. अ‍ॅमिओडॅरोन दिलं तर ते मुख्यतः पेशीची विश्रांती लांबवतं, म्हणजे रस्त्यावरचा पोलीस जास्त वेळ थांबवतं. त्याच्यासोबत थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या ठरलेल्या वेळी करायच्या.

भाऊजींचं मॅग्नेशियम. रक्तात मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम कमी असेल तर ठोके बिघडायला मदत होते, आणि लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर ते कमी होऊ शकतं. म्हणून आधी रक्त तपासा. कमी निघालं तर डॉक्टर देतीलच. मात्र मॅग्नेशियमने वण भरत नाही की सांधे आवळले जात नाहीत, आणि किडनी मंद असेल तर ते अंगात साचतं.

आयसीडीबद्दल घरोघरी एक गैरसमज असतो, म्हणून दोन ओळी. आयसीडी व्हीटी होऊ नये म्हणून बसवत नाहीत, झालीच तर तोडायला बसवतात. बहुतेक वेळा ते आधी व्हीटीपेक्षा थोड्या जास्त वेगाने काही ठोके देऊन बघतं. म्हणजे मोठ्या रस्त्यावर मुद्दाम दुसरी मिरवणूक सोडून बोळातल्या मंडळाची वाट अडवायची. बाबांना हे कळणारही नाही. त्याने नाही जमलं तर शॉक, आणि तो कळतो. छातीत गुद्दा बसल्यासारखा. एक शॉक बसला आणि नंतर बरं वाटत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा. लागोपाठ दोन बसले, किंवा एका शॉकनंतरही चक्कर, छातीत दुखणं राहिलं, तर थेट इमर्जन्सी. अ‍ॅब्लेशन झालं तरी आयसीडी लागतोच, कारण एक बोळ बंद केला म्हणून त्या वणात दुसरा नाही असं कुणी लिहून देऊ शकत नाही.

राहिला गरबा. बाबांचं दुखणं वणाचं आहे, वण अटॅकचा आहे. मुलगा नातू म्हणून ते घेऊन जन्मलेला नाही. अटॅकची आनुवंशिकता वेगळी, त्यासाठी त्याने तंबाखूपासून लांब राहावं आणि पुढे कोलेस्टेरॉल तपासावं, बास. नवरात्रात गरबा खेळताना तरुण मुलं कोसळल्याच्या बातम्या वाचून आपल्या शहरात सगळ्याच आया धास्तावल्या आहेत, मला ते समजतं. पण त्या धास्तीत एक खरा धागा आहे तो वेगळा काढून सांगते. वर मी धरून ठेवणारे आकडे म्हणाले, डेस्मोसोम. काही कुटुंबांत या आकड्यांच्या प्रथिनातच जन्मजात दोष असतो. हृदय जोराने, तासन्‌तास आकसत राहिलं की पेशी उसवतात, त्या जागी चरबी आणि वण भरतो, शेजारची दारंही ढिली पडतात, आणि विशीतल्या निरोगी दिसणाऱ्या मुलाच्या हृदयात बाबांसारखे बोळ तयार होतात. ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटावर याची काही विलक्षण कुटुंबं सापडली : लोकरीसारखे कुरळे केस, तळहात-तळपाय जाड, आणि तरुणपणी बिघडणारे ठोके. त्वचेतही हेच आकडे असतात, म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी १९८६ साली हे पहिल्यांदा नोंदवलं. आपल्याकडे सगळ्यांचे केस असे नसतात, पण एक खूण विसरू नका : खेळताना किंवा नाचताना, ऐन जोरात असताना, शुद्ध हरपणे. उन्हात रांगेत उभं राहून येणारी चक्कर वेगळी. तुमच्या मुलाला असं कधी झालं असेल, किंवा घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं असेल, तर गरब्याच्या पासाआधी ईसीजी आणि इको. नसेल तर त्याला खेळू द्या, पाणी पाजा, आणि मंडळात कुणाला छाती दाबण्याचं प्रशिक्षण आहे का एवढं विचारून ठेवा.

आणि ताई, एक काम आजच करा. बाबांची नाडी १८० असताना जो ईसीजी काढला होता, तो कागद शोधा. शॉकनंतरचा नव्हे, आधीचा. त्यावरच्या बारा रेघांवरून बोळ वणाच्या कुठल्या बाजूला उघडतो याचा अंदाज येतो. अ‍ॅब्लेशन करणाऱ्याचा त्याने तासभर वाचतो, कधी त्याहून जास्त. तो कागद थर्मल असतो, आपल्या उन्हाळ्यात फायलीतल्या फायलीत पुसट होतो, प्लास्टिकच्या पिशवीत तर आणखी लवकर. मोबाइलवर सपाट, सावली न पडता फोटो काढा, स्वतःलाच पाठवून ठेवा, आणि अपॉइंटमेंटला जाताना एक झेरॉक्स न्या.